ट्रॅक०१ डॉट सीडीए यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ट्रॅक०१.सीडीए,
मुक्काम पेन ड्राइव्ह, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

विषय: अख्खा आराधी मेळा ४४ बाइटांत मावल्याबद्दल अभिनंदन.

ऑडिओ सीडीवर फाइल नसते. तिच्यावर असते ती आतल्या कडेपासून बाहेर जाणारी, पाच किलोमीटरहून लांब अशी एकच सर्पिल रेघ, आणि त्या रेघेत आवाजाच्या खुणा. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली या चकतीचे मानक ठरवले. १९८२च्या ऑक्टोबरात ती जपानच्या बाजारात आली, तेव्हा घरातल्या संगणकाने ती वाचावी हा तिचा हेतू नव्हता. प्लेअरने रेघ वाचत जावे आणि स्पीकरने वाजत राहावे, एवढेच अपेक्षित होते. रेघेच्या तोंडाशी एक छोटी अनुक्रमणिका असते. कोणता ट्रॅक कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला सुरू होतो, इतकेच तिच्यात लिहिलेले असते. गाण्याचे आणि गाणाऱ्याचे नाव घालायची सोय १९९६ साली आली. तालुक्याच्या गावी सीडी काढून देणारे तिच्या वाटेला सहसा गेले नाहीत.

संगणकाला मात्र फाइल दिसल्याशिवाय करमत नाही. म्हणून विंडोजमध्ये ऑडिओ सीडी घातली, की अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नोंदीमागे ‘सीडीए’ नावाची एक फाइल जागेवरच रचली जाते आणि खिडकीत मांडली जाते. मा. ट्रॅक०१ हे त्या रांगेतले पहिले. देहयष्टी ४४ बाइट. त्यात ट्रॅकचा क्रमांक, चकतीचा ओळखक्रमांक, ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढा मजकूर असतो. शेवटच्या दोन बाबी तर दोन वेगळ्या मापांत दोनदा लिहिलेल्या. सूर एकही नाही. रस्त्याच्या कडेला ‘तुळजापूर’ लिहिलेला मैलाचा दगड असतो, त्यातलाच हा प्रकार. तो दगड उपटून घरी आणला आणि देवघरात ठेवला, तर दर्शन झाले असे कोणी म्हणत नाही. या फाइलींची पेन ड्राइव्हवर नक्कल केली, तर मात्र तसे म्हटले जाते आणि त्याचे पैसेही घेतले जातात.

मानकरी किती मोठे आहेत ते हिशेबाने कळते. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. डावी आणि उजवी अशा दोन बाजू, दर मोजणीला प्रत्येकी दोन बाइट. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि मिनिटाला सुमारे १० एमबी. ४४ बाइटांत अशा ११ मोजण्या बसतात. वेळ होतो सेकंदाचा चार हजारावा भाग. तेवढ्यात झांजेची एक वाटी दुसरीला लागून धड वाजतही नाही. अक्षरेच भरायची ठरवली, तर यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘आई राजा उदो उदो’ हा देवीचा गजर एकदा लिहिला की ३९ बाइट होतात आणि पाच शिल्लक राहतात. मा. ट्रॅक०१ यांनी पोटात निदान तेवढे ठेवले असते, तरी ज्या घराने त्यांना पेन ड्राइव्हवर आणले त्याच्या हाती काहीतरी लागले असते.

ते घर तुळजापूर तालुक्यातले. घरात नवरात्राच्या जागराची एक सीडी होती. यात्रेत प्रसादाच्या दुकानांतून कुंकू-माळांशेजारी मिळायच्या त्यांतली ती नव्हती. घरातली आजी आराधीण, म्हणजे देवीची गाणी गाणारी भक्तीण होती. तिचा मेळा झांज-तुणतुण्यासह एका शूटिंगवाल्याने रेकॉर्ड केला आणि सीडी काढून दिली. बारा ट्रॅक. आजी आता नाही. नातवाच्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. म्हणून सीडी आणि पेन ड्राइव्ह दोन्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानातल्या मुलाने बाराही फाइली निवडल्या, कॉपी केले, पेस्ट केले. पापणी लवायच्या आत काम झाले. एकूण भार ५२८ बाइट. एवढ्या वेगाबद्दल दुकानाचे कौतुकही झाले.

यापुढचा भाग मा. ट्रॅक०१ यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम आहे. सीडीएची नक्कल पेन ड्राइव्हवर असली आणि मूळ सीडी अजून ड्राइव्हमध्येच असली, तर त्या नकलेवर दोनदा टिचकी मारताच गाणे वाजते. आवाज अर्थात सीडीचा असतो. नक्कल फक्त बोट दाखवते. दुकानातल्या मुलाने काम तपासून दिले, आणि तपासताना सीडी आतच होती. आजीचा आवाज आला. नातवाने ऐकला, मान हलवली, पैसे दिले. चुकीचे काम तपासणीतही बरोबर ठरावे, अशी ही रचना.

दुकानातल्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. यात्रेत त्याच आकाराची, त्याच चकाकीची दुसरीही चकती विकली जात असे: एमपी३ची. तीत ७०० एमबीमध्ये दहा-बारा तास भक्तिगीते भरलेली असत आणि त्या खऱ्या फाइली असत. त्या कॉपी करून पेस्ट केल्या की खरोखर उतरतात. वर्षानुवर्षे हात त्याच कामाला बसलेला. फरक ओळखायचा तो फाइलीच्या आकारावरून, आणि आकार बघायची सवय कोणी लावलेली नाही.

गाणी पेन ड्राइव्हवर ‘उतरली’, म्हणजे सीडी रिकामी झाली असा समज झाला. शेतात तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरे कणसांवर तुटून पडत होती. चकचकीत चकती वाऱ्यावर फिरली की पाखरे बिचकतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मधोमध भोकही आयते असते. जागराची सीडी दोऱ्याने बांधावरच्या काठीला गेली. कारखान्यात छापलेल्या सीडीत खळगे दाबून काढलेले असतात, ती थोडाफार तग धरते. शूटिंगवाल्याने काढून दिलेली सीडी जातीने वेगळी. तीत लेझरने एका रंगद्रव्याच्या थरावर खुणा केलेल्या असतात, आणि ऊन व उष्णता हे त्या रंगद्रव्याचे वैरी. शिवाय परावर्तक थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो. तो नाव लिहायच्या बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो, त्यामुळे वरून नख लागले तरी इजा थेट त्यालाच होते. वारा, धूळ, कणसांचे घासणे आणि मराठवाड्याचे ऊन, यांपुढे ती सीडी टिकली नाही. पाखरे आली नाहीत, हे खरे.

हा विंडोजचा शुद्ध नालायकपणा आहे, आणि तो टाळता येत होता. मॅक संगणकात हीच सीडी घातली, तर खिडकीत एआयएफएफ फाइली दिसतात. त्या ओढून दुसरीकडे टाकल्या की पूर्ण आवाज उतरतो. लिनक्सवरच्या केडीईमध्ये त्याच चकतीतून वेव्ह, फ्लॅक, एमपी३ असे कप्पे समोर येतात, हवा तो उचलावा. म्हणजे ही किमया अशक्य नव्हती. कचरापेटी रिकामी करताना संगणक विचारतो, नक्की ना? आणि घरातल्या मेलेल्या माणसाचा आवाज म्हणून ४४ बाइटांचा कागदाचा कपटा हाती देताना एक अक्षर बोलत नाही. ‘ही गाणी नाहीत’ एवढी एक ओळ. इतक्या वर्षांत ती लिहायला कोणाला सवड झाली नाही.

मा. ट्रॅक०१ यांचा यात दोष काय, असे विचारले तर उत्तर शून्य येते. आपण गाणे आहोत असे त्यांनी कधी म्हटलेले नाही. त्यांना पेन ड्राइव्हवर कोणी बोलावले, हेही त्यांना ठाऊक नाही. पोटात एका चकतीचा ओळखक्रमांक आहे आणि ती चकती आली की ते तत्काळ बोट दाखवतील. आता ती येणार नाही. कोणत्याही संगणकाला लावले तरी हे बाराही जण मुकेच राहतात. नातवाने पेन ड्राइव्ह पुसलेला नाही. त्या चकतीची आठवण ठेवणारे घरातल्या माणसांखेरीज आणखी कोणी असेल, तर ते हेच.

ज्यांच्या सीड्या अजून कपाटात आहेत, त्यांच्यासाठी पुढची रीत. यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. तो सीडीही वाचतो. सीडी घातल्यावर फोल्डर उघडून कॉपी करू नये. मीडिया प्लेअर उघडून ‘रिप सीडी’ निवडावे. रिप करणे म्हणजे रेघेवरचा आवाज वाचून त्याची फाइल बनवणे, त्यामुळे त्याला काही मिनिटे लागतात. क्षणात झाले तर झालेले नाही. फ्लॅक हा प्रकार निवडला तर आवाजाचा कणही न गमावता आकार साधारण निम्म्यावर येतो. एमपी३ आणखी लहान होते, पण त्यात काही आवाज कायमचा गाळला जातो. एकदाच मिळणाऱ्या रेकॉर्डिंगला फ्लॅकच हवे.

चरे पडलेल्या सीडीसाठी आंद्रे वीथॉफ या जर्मन माणसाने केलेला ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्राम आहे. ऑडिओ सीडीवर चूक दुरुस्त करायची सोय डेटा सीडीपेक्षा कमी असते, आणि न वाचलेल्या जागी ड्राइव्ह अंदाजाने आवाज भरून मोकळा होतो. हा प्रोग्राम तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पडताळतो. सीडी मऊ कापडाने पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसल्यावर पडलेला चरा रेघेच्या दिशेने जातो, आणि त्याने सलग आवाज जातो.

नावांचे काम शेवटी हातानेच करावे लागते. प्रोग्राम ट्रॅकची संख्या आणि लांबी पाहून इंटरनेटवरच्या कोशात जुळणी शोधतात. गावातल्या मेळ्याची सीडी तिथे नसते, आणि लांब्या योगायोगाने जुळल्याच तर भलत्याच अल्बमचे नाव चिकटते. देवनागरीत लिहिलेली नावे आज बहुतेक फोनवर नीट दिसतात. जुन्या वेष्टनावर जि. उस्मानाबाद छापलेले असेल. २०२३पासून जिल्हा अधिकृतपणे धाराशिव आहे. दोन्ही नावे घालावीत, म्हणजे कशानेही शोधले तरी सापडते.

काम झाल्यावर सीडी बाहेर काढावी, मगच गाणे वाजवून पाहावे. फाइलीवर उजवी टिचकी मारून आकार बघावा. पाच मिनिटांच्या गाण्याची फ्लॅक फाइल २०-३० एमबीची असते. ४४ बाइट दिसले, तर दुकानातून उठू नये.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव:
ट्रॅक०२.सीडीए ते ट्रॅक१२.सीडीए.