देखभाल-तक्ता विभागास अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रमुख, देखभाल-तक्ता विभाग
(कंपनी कोणतीही असो, या बाबतीत आपण सगळे एकाच मताचे आहात.)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या पुस्तिकेत सर्व्हिसचा एक तक्ता असतो. त्यात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, सगळ्यांपुढे किलोमीटर आणि महिने छापलेले असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलापुढे मात्र एकच शब्द : ‘लाइफटाइम’. एकदा भरलं की जन्माची चिंता मिटली. या शोधाबद्दल आपलं जाहीर अभिनंदन कोणी केलेलं दिसत नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं आहे.

हे तेल काही बसून खाणारं नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेच पुढे पोचवतं. व्हॉल्व्हमधून दाब देऊन गिअर तेच बदलतं. क्लच प्लेटना नेमकी हवी तेवढी पकड देतं, बेअरिंगना वंगण पुरवतं आणि सगळ्यांचा ताप वाहून कूलरपर्यंत नेतं. इतर तेलांचं तापमान दहा अंशांनी वाढलं की खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. आपल्या तेलाला तो कळवायचा राहिला असावा. वड्याच्या कढईतल्या तेलावर तर सरकारचाही भरवसा नाही. त्यातली पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नका, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे. आपलं तेल कढईत नसून डब्यात बंद असल्यामुळे सुटलं.

काही बाळबोध शंका मात्र आहेत. या अमर तेलाच्या चेंबरमध्ये तळाशी लोहचुंबक कशाला बसवता? गाडी वर उचलून चेंबर उतरवला की त्या चुंबकांवर करड्या लगद्याचा थर दिसतो. बोटांत चोळला तर तो काजळासारखा बारीक लागतो, आणि तो लोखंडाचा असतो. तेल काळपट झालेलं असतं आणि त्याला जळका वास येतो. पुढची शंका : फिल्टर कशासाठी? अनेक गिअरबॉक्समध्ये तो प्लास्टिकच्या चेंबरमध्येच घडवलेला असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर आख्खा चेंबर बदलायचा. आणि शेवटची शंका : जे तेल कधी काढायचंच नाही, त्याला खाली ड्रेन प्लग कोणी दिला? बहुधा आपल्या इंजिनिअरांनी आपला तक्ता वाचलेला नाही.

घरचा आहेर तर त्याहून मोठा आहे. जर्मनीतली जेडएफ कंपनी आठ गिअरचे बॉक्स बनवते आणि जगातल्या कितीतरी महागड्या गाड्यांत ते बसतात. गाडी विकणारे त्यातल्या तेलाला आजन्म म्हणत आले. बॉक्स बनवणारी जेडएफ स्वतः म्हणते की गाडी कशी चालवली जाते ते पाहून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. मर्सिडीजने १९९०च्या दशकात पाच गिअरचा ७२२.६ बॉक्स आणला, तेव्हा तेल आजन्म ठरवलं. तेलाची पातळी मोजायची नळी ठेवली, पण मोजपट्टी काढून टाकली आणि झाकणाला सील लावलं. पुढे कंपनीनेच ६०,००० किलोमीटरच्या आसपास ते एकदा बदलून घ्या, असं सांगायला सुरुवात केली. तेव्हा अमरत्वाची मुदत संपू शकते, हा शोधही आपल्याच पंथाच्या नावावर जमा आहे.

आपण म्हणाल, पुस्तिकेत ‘सामान्य वापर’ असं स्पष्ट लिहिलं आहे. मान्य. खडतर वापराच्या याद्यांतही मी डोकावलो : सतत थांबत-सुटत चालणं, कडक ऊन, धूळ, घाट, ओझं. मे महिन्यात कुटुंब आणि बॅगा घेऊन हिंजवडीहून निघालेला आणि बोरघाटात ट्रकमागे रांगणारा पुणेकर या यादीत बसतो. यादीबाहेरचा माणूस शोधायचा तर फेब्रुवारीच्या पहाटे मोकळ्या महामार्गावर एकट्यानेच गाडी चालवणारा कोणी गाठावा लागेल.

उगाच अन्याय नको, म्हणून हेही लिहितो. आजची सिंथेटिक तेलं जुन्यांपेक्षा खरोखर टिकाऊ आहेत. तेल कमी वेळा बदललं तर टाकाऊ तेलही कमी होतं. शिवाय चुकीचं तेल ओतणाऱ्या मेकॅनिकपेक्षा न ओतणारा परवडला. हे काम नाजूक आहे : जेडएफच्या बॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांवर असताना, भरायच्या भोकातून ते ओघळू लागेपर्यंत पातळी जमवावी लागते. एका वेळी अर्ध्याच्या आसपासच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकतं. ‘तेल बदललं आणि बॉक्सच गेला’ ही गॅरेजमधली भीतीही मला ठाऊक आहे. पण लोक तेलाकडे वळतात तेच गाडी झटके द्यायला लागल्यावर. बॉक्स आधीच घसरत असतो, नाव मात्र नव्या तेलाचं खराब होतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या मालकाची वॉरंटी संपेपर्यंत आपलं तेल बहुतेक वेळा खरंच टिकतं. तोही खूश, कारण देखभालीचा खर्च कमी दिसतो; आपणही खूश, कारण तो आकडा शोरूममध्ये दाखवता येतो. मग गाडी दुसऱ्याकडे जाते, नंतर माझ्यासारख्या तिसऱ्याकडे. काळं तेल गाडीबरोबर फुकट येतं. हजारांत भागलं असतं ते लाखांत जातं, आणि तेव्हा सर्व्हिस सेंटरातला मुलगा आपलीच पुस्तिका उघडून दाखवतो : ‘साहेब, तेल तर बदलायचं नसतंच.’ तिसऱ्या मालकाला आपल्या तक्त्यात रकाना नाही. बचत पहिल्याची आणि बिल तिसऱ्याचं, हा हिशेब मात्र बिनचूक जुळवला आहे.

तरी विनंती एवढीच की, पुढच्या आवृत्तीत ‘लाइफटाइम’पुढे किती किलोमीटर आणि किती वर्षं, ते छापावं. छापायची लाज वाटत असेल तर निदान बॉक्स बनवणाऱ्याचा आकडा तळटीपेत द्यावा. आम्ही बारीक अक्षर वाचायला शिकलो आहोत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
तिसरा मालक

ता. क. : गाडी विकताना मी जाहिरातीत ‘गिअरबॉक्सचं तेल व फिल्टर बदलले आहेत, पावती आहे’ असं लिहिणार आहे. ‘तेल आजन्म आहे’ असं लिहून कोणाला चार पैसे जास्त मिळाले असतील, तर कृपया कळवावे.