फर्स्ट क्रॅकच्या नावानं चांगभलं!

नाशिकात हल्ली कॉफी पीत नाहीत, तिची उलटतपासणी घेतात. कप समोर आला की तो तोंडाला लावायचा नाही. आधी नाक आत घालायचं. मग डोळे मिटून गंभीर व्हायचं. मग 'सुर्रर्र' असा आवाज करत एक घोट ओढायचा, तोही भर कॉलेज रोडवर, चारचौघांत! कुणी वळून पाहिलंच तर खुलासा तयार असतो: घोटात हवा मिसळली की वास नाकापर्यंत नीट पोचतो. असं होय? मग हाच आवाज करून बशीतून चहा पिणाऱ्या आजोबांकडे पाहुण्यांसमोर डोळे कोणी वटारले होते? ह्याच पोरांनी ना?

आणि चौकशा तरी किती! बी कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची, धुऊन वाळवली की फळासकट, भाजली कधी, आणि मुख्य म्हणजे भाजली किती? लाइट, मीडियम की डार्क? ह्या तीन शब्दांवरून गंगापूर रोडवर चांगल्या चांगल्या मैत्र्यांत मिठाचा खडा पडलाय. एक सीए महाशय तर डार्क पिणाऱ्या अशिलाकडे अशा नजरेनं बघतात, की त्यानं जीएसटी बुडवला असता तरी त्यांना एवढं वाईट वाटलं नसतं.

खरं तर हे होणारच होतं. ज्या गावात तर्री कुठली झणझणीत ह्यावर सकाळी आठ वाजता वाद पेटतो, तिथली जीभ मुळात शेफारलेलीच. त्यात २००० साली सुलाची पहिली वाइन आली आणि ज्यांचा जन्म द्राक्षाच्या मांडवाखाली गेला, ते ग्लास गोल गोल फिरवून त्यात मिरी आणि जांभूळ शोधायला लागले. तेव्हाही आपण तोंडाला पदर लावून हसलो होतो. पुढे पाहुणे आले की त्यांना घेऊन वायनरीवर पहिले कोण धावलं, हा प्रश्न आपण इथं काढायला नको.

पिंपळगाव बसवंतकडची एक बातमी तर ऐकाच. तिथल्या एका बागाईतदाराच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, सगळ्यांच्याच असतो. मण्याच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, डोळा लावायचा, ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, बघायचं आणि काढणी ठरवायची. आता त्याच्या मुलानं पुण्याहून येताना खास कॉफीचा रिफ्रॅक्टोमीटर आणलाय. तत्त्व तेच: थेंबातून जाताना प्रकाश किती वाकतो, त्यावरून पाण्यात किती काय विरघळलंय ते कळतं. बापाच्या थेंबात अठरा ब्रिक्स, मुलाच्या थेंबात सव्वा टक्का. आणि सव्वा टक्का आला म्हणून पोरगा आनंदानं उडतोय! "एवढं पाणचट पीक मी दाखवलं असतं तर व्यापारी गाडीतून उतरलासुद्धा नसता," बाप म्हणाला. म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता दुसऱ्या कपासाठी हात पुढे केला, हे पाहणाऱ्यांनी पाहिलं.

कुठं गेली ती आपली साधी कॉफी? दुधात उकळलेली, साखरेनं ओठ चिकटवणारी, वरून जायफळ किसलेली? परीक्षेच्या रात्री आई हीच द्यायची. जागं राहायला कॉफी आणि झोप लागायला जायफळ, दोन्ही एकाच कपात! त्या कॉफीची भाजणी कुठली, असं कुणी विचारलं होतं का? बरणीवर लिहिलेलं असायचं 'कॉफी', आणि तेवढं पुरायचं.

आता पुरत नाही. आता गल्लीगल्लीत प्रवचन आहे. आणि मौज अशी, की प्रवचन ऐकलं की पटतं, हीच खरी आपत्ती! कच्ची बी हिरवट, तिला वास गवताचा, आत दहा-बारा टक्के पाणी. भाजायला घेतली की आधी पाणी उडतं. दीडशे अंशांच्या पुढे ती पिवळी पडते, भाजक्या पावासारखा वास सुटतो. मग तांबूस. आणि १९६ अंशांच्या आसपास आत कोंडलेली वाफ बी फोडून बाहेर येते: तट्! तट्! हाच तो फर्स्ट क्रॅक. भक्तगण ह्या आवाजाला कान लावून असे उभे असतात, की आरतीची घंटा चुकली तरी चालेल, पण हा तडतडाट चुकता कामा नये. तो आवाज विरता विरता बी बाहेर काढली की लाइट. आणखी थोडी पुढे नेली की मीडियम. २२४ अंशांच्या पुढे दुसरा क्रॅक येतो, बारीक, चुरचुरता. त्यात शिरलात की डार्क. बी काळी होते आणि तिच्या अंगावर तेल सुटतं.

घरच्या बायकांना ह्यात नवीन ते काय वाटावं? लाडवाचं बेसन त्या आयुष्यभर नाकानंच तर भाजत आल्या. कच्चं राहिलं तर टाळूला चिकटतं, जरा पुढे गेलं की कडू, आणि मधला तो खमंग क्षण एवढासा. फक्त त्याला 'डेव्हलपमेंट टाइम' म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लाडू पाचशे रुपये पाव किलोनं विकले असते!

बरं, चव खरंच बदलते का, की सगळी नाकानं कांदे सोलण्याची हौस? इथं आपली पंचाईत होते, कारण बदलते. आणि अरेबिकात तर फारच. ही उंचावर, गारव्यात, हळूहळू पिकणारी नाजूक जात. कच्च्या बीत सहा ते नऊ टक्के साखर, रोबस्टा ह्या दुसऱ्या जातीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. कॅफीन मात्र रोबस्टाच्या जवळजवळ निम्मंच. लाइट भाजलीत तर तिच्यातली सायट्रिक, मॅलिक ही फळांतली आम्लं शाबूत राहतात, म्हणून लिंबू, संत्रं, हिरवं सफरचंद असलं काहीबाही लागतं. मीडियमला आंबटपणा खाली बसतो आणि भाजके दाणे, गूळ, कॅरॅमल पुढे येतात. डार्कला गेलात की मळा, माती, उंची सगळं मागे पडतं आणि भट्टी बोलायला लागते: कडू चॉकलेट, धूर, राख. क्लोरोजेनिक आम्ल मोडत जातं आणि त्यातून कडवटपणा तयार होतो, आधी सौम्य, पुढे घसा धरणारा. आणि ती साखर? ती भाजताना जवळजवळ सगळी संपते! म्हणजे लाइट रोस्ट पिऊन "अहाहा, काय गोड" म्हणणारे वासाला भुलून गोड म्हणत असतात. जिभेवर काही नाही, सगळा गोडवा नाकात. आहे की नाही कमाल?

आणखी एक गंमत. "मला बाई कडक लागते, डार्कच दे, झोप उडाली पाहिजे," असं ठसक्यात सांगणाऱ्या सगळ्या वहिनींना कळवायला हरकत नाही, की भाजण्यानं कॅफीन फारसं हलतच नाही. उलट डार्क बी फुगते, हलकी होते, तिचं वजन अठरा-वीस टक्क्यांनी घटतं. चमच्यानं मोजलीत तर घट्ट, जड लाइटच किंचित जास्त जागवेल. कडू म्हणजे कडक, हा समज आपण कारल्यापासून जपलाय. त्याला लगेच कोण सोडणार?

इंदिरानगरातल्या एका काकूंनी मात्र कळस केला. विकतची महाग पडते म्हणून त्यांनी कच्च्या अरेबिका बिया मागवल्या आणि लोखंडी कढईत भाजायला घेतल्या. बियांवरचं चंदेरी साल सुटतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते पंख्याच्या वाऱ्यानं हॉलभर उडतं, हे नव्हतं. फर्स्ट क्रॅकला आख्खं घर टाळ्या वाजवत होतं, सेकंड क्रॅकला वरच्या मजल्यावरचे खाली धावत आले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुराचा निषेध झाला. त्यावर काकूंनी काय करावं? निषेध करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एकेक पुडी पाठवली. आता त्याच ग्रुपवर विचारणा होते: काकू, पुढचा घाणा कधी?

दुकानात तर ह्याहून बहार. पिशवीला पुढं एक बारीक भोक असतं. ताज्या भाजलेल्या बीतून दिवसचे दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्याला वाट म्हणून ते झडपेचं भोक. आपली मंडळी ती पिशवी दाबतात आणि भोकाला नाक लावतात. एक दाबतो, दुसरा हुंगतो, तिसरा म्हणतो, "मला, मला." आणि एवढं करून विकत घेतली तरी लगेच प्यायची नाही! लाइट असेल तर आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायची म्हणे. आजवर 'ताजी आहे का' म्हणून दुकानदाराचा जीव खाल्ला, आता 'फारच ताजी आहे हो' म्हणून खातात.

एका पिशवीवर 'रत्नागिरी' असं वाचून आमच्या ओळखीतले एक कोकणाभिमानी गृहस्थ गहिवरले होते. हापूसनंतर आता कॉफीही आमचीच! ती रत्नागिरी इस्टेट निघाली कर्नाटकात, चिकमगळूरच्या बाबाबुडनगिरीवर, जिथं बाबा बुडन ह्यांनी येमेनहून सात बिया दडवून आणल्या अशी कथा सांगतात. गृहस्थांचा चेहरा एवढासा झाला. त्यांना सावरायला कुणीतरी सांगितलं, की महाराष्ट्रातही कॉफी पिकते, विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. तेव्हापासून ते चिखलदऱ्याच्या नावानं भांडतात. प्यायलेत का? ते विचारायचं नाही.

पेल्यावरून बोभाटा करण्यात आपलं घराणं जुनं, म्हणून हे सगळं आपण क्षमेनं बघतो. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झालं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कपापायी! बाहेरच्यांनीही काही कमी केलं नाही. मक्केच्या कारभाऱ्यानं १५११ मध्ये कॉफीवर बंदी घातली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६७५च्या डिसेंबरात कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला आणि अंमल सुरू व्हायच्या आतच गुंडाळला. जर्मनीत बाखनं तर कॉफीच्या नादी लागलेल्या मुलीवर आख्खी संगीतिका रचली: बाप सांगतो, कॉफी सोड, नाहीतर लग्न विसर. मुलगी हो म्हणते आणि मनात ठरवते, की कॉफी करू देण्याचं वचन करारात लिहून देईल त्यालाच वरायचं. पावणेतीनशे वर्षांहून जुनी गोष्ट, पण ही पोरगी कॉलेज रोडवर रोज दिसते की नाही?

आता जरा लाइटवाल्यांची हजेरी घेऊ, कारण त्यांचा तोरा फार झालाय. डार्क म्हणजे बीचे दोष झाकायची युक्ती, असं ते म्हणतात. अर्धं खरं आहे. निकृष्ट बी काळी केली की सगळे गुन्हे माफ. पण म्हणून डार्क पिणारे सगळे अडाणी? दुधाचं काय करता, सांगा ना? लाइट रोस्टमध्ये दूध ओता, ती फिकी आणि आंबूस लागते. दुधाला पुरून उरायला भाजणी पुढचीच लागते. नाशिकात दुधाशिवाय कॉफी पिणारे किती? आणि शपथेवर सांगा, तेही घरी गेल्यावर काय पितात? वरून कीर्तन, आतून तमाशा! आपलं मत विचाराल तर काळी प्यायची असेल तर मीडियम अरेबिकासारखं सुख नाही, दुधाची असेल तर डार्ककडे झुकलेली घ्या, आणि लाइट त्यांनीच घ्यावी ज्यांना वेळ आहे. तिची बी टणक, दळताना मनगट दुखवते, अर्क सोडायला कां-कू करते, पाणी जवळजवळ उकळतं लागतं. आणि आपण समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. हे वाक्य टाकलंत की समोरचा लाइटवाला गप्प होतो, करून बघा.

काय म्हणता? तुम्ही नाही त्यातले? बरं. मग तुमच्या ओट्यावर तो दशांश ग्रॅम दाखवणारा काटा कशाला? सराफ बाजारात दुकान टाकताय? पंधरा ग्रॅमला अडीचशे ग्रॅम पाणी, हे प्रमाण तोंडपाठ कसं? ती हंसाच्या मानेची किटली काय फक्त तुळशीला पाणी घालायला आणली? आणि सासूबाई आल्या की दळणयंत्र कपाटात लोकरीच्या कपड्यांमागे का जातं? त्यांना माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? अहो, परवा त्यांनीच शेजारी विचारलं, की सूनबाईची ती पिवळ्या पिशवीतली कुठल्या दुकानात मिळते.

आता हळदीकुंकू येईल. प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या गेल्या. यंदा वाण म्हणून पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधल्या जाताहेत, वर भाजल्याची तारीख, खाली नक्षीदार चिठ्ठी. हातावर तिळगूळ ठेवतानाच कानात कुजबुज होणार: "मीडियम आहे हं, ताई. लाइट हवी होती तर आधी सांगायचं ना, संपल्या!"