दिव्यांचा मदरबोर्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड घ्यायला गेलेला माणूस आधी दिवे बघतो. खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिलंय, कडेला इंद्रधनुष्य लुकलुकतंय, म्हणजे माल दणकटच! प्रोसेसरला वीज पुरवणारी व्हीआरएम कशी आहे, तिच्यावर हीटसिंक तरी आहे का, असं विचारलं की दुकानदार म्हणतो, ‘साहेब, वायफाय पण आहे.’ रॅमचंही तसंच. रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेत रॅमच्या दोन पट्ट्यांवर एएमडी डीडीआर५-५२०० चा वेग कबूल करते. चार लावल्या की थेट ३६००. पण चारही खाचा भरल्याशिवाय आपले पैसे वसूल होतात होय? कोणती रॅम तपासून पाहिली, याची यादी बोर्डवाले संकेतस्थळावर फुकट देतात. ती वाचायला सवड कुणाला? मग पडदा अधूनमधून निळा पडतो आणि खापर फुटतं विंडोजच्या डोक्यावर.