लोणेऱ्याचे विद्यापीठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगड जिल्ह्यात, माणगाव आणि महाड यांच्यामध्ये लोणेरे येथे आहे. 1989 च्या कायद्याने ते स्थापन झाले. एवढे मोठे नाव उच्चारायला एसटीच्या कंडक्टरला सवड नसते. तो फक्त ‘लोणेरेऽऽ’ म्हणतो आणि घंटी ओढतो. रेल्वेने येणाऱ्यांना गोरेगाव रोड स्थानक आहे. मात्र ‘गोरेगावला उतरलो’ असा फोन घरी गेला की आई मुंबईच्या मावशीला कळवून मोकळी होते.

शैक्षणिक वर्ष पावसात सुरू होते आणि गणपतीत पहिल्यांदा थांबते. कोकणातल्या मुलाला 75 टक्के हजेरीपेक्षा आरतीची हजेरी जड वाटते. स्थापत्य शाखेला अभ्यासविषय दारातच आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले. तेव्हा बालवाडीत असलेली मुले आता प्रथम वर्षाला येतात, आणि रस्त्याने त्यांच्यासाठी काम शिल्लक ठेवले आहे.

सबमिशनच्या आदल्या रात्री, राज्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी वसतिगृहात होते तेच इथेही होते : जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खाटांवर काच टेकवायची, खाली ट्यूबलाइट, काचेवर हुशार मित्राचे शीट आणि त्यावर आपले कोरे. रेघ हुबेहूब उतरते, चूकही. एका मुलाची चुकलेली मिती सकाळपर्यंत वर्गमान्य होते. मध्येच वीज गेली तर मात्र उरलेले यंत्र स्वतःच्या डोक्याने काढावे लागते, आणि परीक्षकाला ते लगेच ओळखू येते.

खेळांत कबड्डीचा मान पहिला. मुरूड-श्रीवर्धनकडची पोरे पुळणीवर खेळूनच मोठी झालेली. घाटावरचा दणकट गडी त्यांचा घोटा धरायला जातो आणि हातात माती घेऊन उठतो. जुलै-ऑगस्टमध्ये क्रिकेटची खेळपट्टी बेडकांकडे असते, त्यामुळे कॅरमला मैदानी खेळाचा दर्जा मिळतो. याच दिवसांत खोलीतला पंखा वारा देण्यासाठी नसून जीन्स वाळवण्यासाठी असतो. शनिवारी गावी गेलेला मुलगा सोमवारी सोडे घेऊन परततो. मग मजल्यावरच्या सगळ्यांना त्याच्याकडून नोट्स हव्या असतात.

2014 च्या कायद्याने विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेता आली. त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलाचीही पदवी आता लोणेऱ्याची. ‘कुठे आले हे?’ असे विचारले तर तो ठामपणे सांगतो, ‘गोव्याला जाताना लागते.’ तो गोव्याला गेला तेव्हा गाडीत झोपला होता.