म्हशीकाठचं सँटोरिनी

आमचे साडू ग्रीसला जाऊन आले. सँटोरिनीच्या पांढऱ्या भिंतींपुढे पांढरा सदरा घालून काढलेले त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर येऊ लागले. भिंत कुठे संपते आणि साडू कुठे सुरू होतात, कळेना. बायकोने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "आपण कधी पाहाचं बेट?"

"रविवारी," मी म्हणालो. "अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटर. पासपोर्ट लागत नाही."

बाळापूरचा किल्ला दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. एकीचं नाव मन, दुसरीचं म्हैस. ग्रीकांना एजियन समुद्र मिळाला, आम्हाला म्हैस. पूर आला की एक बाजू सोडून किल्ल्याला पाण्याचा वेढा पडायचा. म्हणजे पाऊण बेट. आमच्या पगारात पाऊणच बसतं.

पण श्रावणात वऱ्हाडचा खरा किल्लेदार म्हणजे गारा, अर्थात चिखल. फोटोत नदी यावी म्हणून मी सडक सोडून खाली उतरलो आणि उजवी चप्पल काळ्या मातीने जप्त केली. ती काढायला जोर लावला, तर डावीही गेली. बायको किनाऱ्यावर उभी राहून व्हिडिओ काढत होती. बघता बघता माणसं जमली.

"भाऊ, वढू नोका, फिरवा!"

"फिरवू नोका, तुटन!"

दोन्ही सल्ले एकदम पाळल्याने पोटऱ्याही आत गेल्या. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिथूनच बायकोला इतिहास सांगू लागलो. किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहाने बांधायला घेतला आणि अचलपूरच्या इस्माईलखानाने 1757 साली पुरा केला. सरकारी काम तेव्हाही असंच चालायचं. 1720 मध्ये निजाम-उल-मुल्काने आलम अलीखानाला इथेच जवळ हरवलं आणि मग दख्खन निजामाच्या हातात गेली.

"काका," बकरी धरून उभ्या असलेल्या एका पोराने विचारलं, "निजाम निघाला का मंग इथून?"

"निघाला ना."

"मंग तुमीबी निघान."

निघालो, अनवाणी. एक चप्पल सापडली, पण अंगठा तुटलेली. शेजारच्या घरातून एक आजी पाण्याचं तपेलं घेऊन आल्या. मी नको नको म्हणत असतानाच वाकून माझ्या पायांवर पाणी ओतू लागल्या. "कोनाचा व्हय रे तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्या ओळखत नव्हत्या, तरी "बरं बरं" म्हणाल्या आणि स्वतःच्या प्लास्टिकच्या चपला पुढे सरकवल्या. मला एकदम बोलवेना.

किल्ला पाहिला. एकात एक तीन दरवाजे आणि जुन्या विटांची उंच तटबंदी. पायथ्याला बाळादेवीचं देऊळ; गावाला नाव तिचंच. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंगांची म्हणतात. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात 23 किल्ले लिहून घेणारे तेच. दोनच वर्षांत बऱ्हाणपुरात वारले. त्यांच्या छत्रीच्या काळ्या दगडावर मात्र आता प्रत्येक जण बाण काढलेल्या बदामात आपापला तह लिहून जातो. हे पाहून माझं डोकं फिरलं.

घरच्या ग्रुपवर बायकोने माझा गाऱ्यातला व्हिडिओ टाकला. सँटोरिनीपेक्षा त्यालाच जास्त अंगठे आले.

बाळापूरला जायचं तर पावसाळ्यातच जा, बेट तेव्हाच असतं. पट्ट्याची चप्पल घाला आणि छत्रीवर नाव कोरू नका.