शिकारी व्हावं कसं, मरावं कसं

राळेगणसिद्धीत शिकारी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: लॅपटॉप, चार्जर आणि वीज. तिसरी आपल्या सवडीनं येते, म्हणून पहिल्या दोन कायम जोडलेल्या ठेवा. धनुष्य लागत नाही. खऱ्या रानातली शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद केली आहे, आणि काळवीट बघायची हौस असेल तर त्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य आहे. तिथं कॅमेरा न्यावा. बाण सोडायची हौस मात्र ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये भागवावी.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी हा खेळ २००६ साली लोकांपुढे ठेवला. तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच. कुत्रा म्हणजे इंग्रजी ‘डी’ आणि मांजर म्हणजे ‘सी’. अंगावर कुठलं अक्षर धावून येतंय हे ओळखेपर्यंत शिकारी खलास. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. डिसेंबर २०२२मध्ये चित्रांची आवृत्ती आली, पण तीत फक्त बुटक्यांकडून किल्ला बांधून घ्यायची सोय होती. एकट्यानं रानोमाळ भटकायचा अ‍ॅडव्हेंचर मोड पूर्ण होऊन यायला जानेवारी २०२५ उजाडलं. आपल्याला तोच खेळायचा आहे.

पायरी पहिली: जग तयार करा. हे काम संगणक करतो. जमिनीची उंची, पाऊस, तापमान, निचरा असं एकेक ठरवत जातो, डोंगरातून नद्या सोडतो, त्या नद्यांनी डोंगर झिजवतो. मग या भूमीवर राज्यं वसवून त्यांची भांडणं लावून देतो. बहुतेक नवशिके एवढ्या वेळात चहा करायला उठतात. उठू नका. नकाशाकडे नीट बघा. डोंगराच्या एका अंगाला हिरवं आणि दुसऱ्या अंगाला पिवळं दिसेल. ढग डोंगरावर अडून पलीकडं पर्जन्यछाया पडते, हे गणितही खेळात घातलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या खेळाडूला हे पुस्तकातून शिकावं लागतं. आमच्या पारनेर तालुक्यात सह्याद्रीनं ढग अडवल्यावर वाट्याला काय उरतं, ते सातबाऱ्यासकट माहीत असतं.

म्हणूनच या मार्गदर्शिकेतली सगळ्यात महत्त्वाची सूचना: शेजारी एक जाणता म्हातारा बसवा. १९७५ नंतर अण्णा हजारे गावात परतले, यादवबाबांच्या मंदिरापासून कामाला सुरुवात झाली आणि पुढं श्रमदानातून चर खणले गेले, नाल्यांना बांध पडले. त्या कामावर पाटी उचललेला म्हातारा मिळाला तर उत्तम. त्याला इंग्रजी येण्याची गरज नाही. तो पडद्याकडे बघून एकच प्रश्न विचारेल, “आरं, वढा कुठंय?” तुम्हाला तो प्रश्न फालतू वाटेल. वाटू द्या.

पायरी दुसरी: शिकारी निवडा. साधा माणूस व्हायचं, वीर की अर्धदेव, असं खेळ विचारतो. नवशिका डोळे झाकून अर्धदेव घेतो. माझ्या मते हा पर्याय ठेवायलाच नको होता, कारण अर्धदेवालाही तहान लागते आणि नवशिका ते विसरतो. धनुष्य, बाण, एक सुरी एवढं सामान घ्या. पाण्याची पखाल घ्यायला सांगितलं तरी तुम्ही घेणार नाही, तेव्हा पुढं चला.

पायरी तिसरी: शिकार. हरीण दिसलं की बाण सोडा. चुकला, दुसरा सोडा. तोही चुकला तर जमिनीवरचे दगड उचलून फेका. खेळात हाताला येईल ते फेकता येतं, अगदी लढाईत तुटून पडलेला एखाद्याचा हातसुद्धा. प्रत्येक घावाचं वर्णन पंचनाम्याच्या भाषेत येतं: कातडी फाटली, स्नायू चिरला, हाडाला तडा गेला, शीर तुटली. आपली शीर तुटल्याचं वाचण्यात गुंग होऊ नका. ही चूक फार जण करतात. वाघ-अस्वलांनाच भ्यावं असंही नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांत काठावर मासे धरायला बसलेल्या बुटक्यांना कार्प मासेच मारून टाकत. आमच्याकडे उसातल्या बिबट्याला लोक भितात ते समजतं. कार्पला भ्यायला मात्र हा खेळच शिकवू शकतो.

आता हरीण पडलं, सुरीनं फाडलं, मांस झोळीत आलं. इथं तुमचा शिकारी तहानेनं व्याकूळ झाल्याचं लाल अक्षरात दिसेल. म्हातारा काही बोलणार नाही. फक्त तुमच्याकडे बघेल.

हिवाळा असेल तर नदी सापडूनही उपयोग नाही, ती गोठलेली असते. बर्फ वितळवायला शेकोटी पेटवावी लागते. शेकोटी सुक्या गवतात पेटवू नका. वणवा वाऱ्यासारखा पसरतो आणि त्यात हरीण, मांस, शिकारी सगळं एकदम भाजून निघतं. उन्हाळ्यात नदी वाहती असते, पण पोहता येत नसेल तर तिच्यात उतरू नका. खेळ पाण्याची खोली सात पातळ्यांत मोजतो आणि चौथ्या पातळीपासून पोहावं लागतं. थंड मुलखात तर पोहता पोहताच नदी गोठते. तसं झालं तर पुढच्या सूचना वाचायची गरज उरत नाही.

रात्री एकट्यानं फिरू नका. जुन्या आवृत्त्यांत अंधारात एकटा माणूस दिसला की बागुलबुवे खदाखदा हसत घेरायचे. सोबतीला माणसं हवीत, म्हणून गावात जा आणि भेटेल त्याला विचारा. प्रत्येक जण कुठल्या राक्षसानं कुणाला मारलं ते सांगेल, पण विहीर कुठं आहे ते आपणहून सांगणार नाही. खेळ आणि जग यांत फरक नाही असं मला वाटतं ते इथंच.

पायरी चौथी: मरण. इथवर सगळ्यांनाच यावं लागतं. हरण्यात मजा आहे, हे या खेळाचं ब्रीदच आहे. मेलात तरी जग बंद पडत नाही. तुमचा मृत्यू त्याच्या इतिहासात नोंदला जातो. त्याच जगात नवा शिकारी घ्या, जुन्याचं प्रेत शोधा आणि बाण गोळा करा. पखालही घ्या आता.

एव्हाना म्हाताऱ्याला गोडी लागलेली असते. तो विचारेल, “ह्या वढ्याला बांध घालता येतो का?” त्याला सांगा, येतो, पण त्यासाठी किल्ल्याचा खेळ सुरू करावा लागेल. तिथं बुटक्यांकडून हवं ते खणून घेता येतं. शिवाय जंगलात राहणारे एल्फ येऊन झाडं किती तोडायची त्यावर मर्यादा घाला म्हणतात. गावातल्यासारख्या कुऱ्हाडबंदीचं नाव निघाल्यावर म्हातारा खूश होतो. हेच एल्फ लढाईत पडलेल्यांना खातात, ते या घडीला सांगू नका.

मग तो विचारेल, बुटकी माणसं कामाला कशी आहेत? इथं खोटं बोलून भागत नाही, कारण ते पडद्यावरच दिसतं. दारू मिळाली नाही की त्यांचं काम मंदावतं. दारू मिळाली की गुत्त्यात ती जमिनीवर इतकी सांडते की एका आवृत्तीत मांजरं तिच्यातून चालत, पंजे चाटत आणि विष चढून मरत. तो दोष पुढं दुरुस्त झाला, हे म्हाताऱ्याला सांगून पाहा.

“गावात दारूच्या भट्ट्या बंद केल्या तवा बांध झाले,” म्हणत तो धोतर सावरून उठेल. त्याला थांबवू नका. फक्त जाता जाता पखालीत पाणी आहे का तेवढं बघायला सांगा.