तेलपाणी

माझ्या डोक्यावर केस नाहीत. ही तक्रार नव्हे, लेखकाचा परिचय आहे. तिशी उलटायच्या आत ते निरोपही न घेता गेले. पुढच्याच सुट्टीत वाईच्या आमच्या नेहमीच्या न्हाव्याने माझ्याकडून पैसे घ्यायला नकार दिला, म्हणाला, "काम केल्याशिवाय कसे घेऊ?" तोच मी हल्ली दर रविवारी सकाळी नऊपासून जेवणवेळेपर्यंत हातात कंगवा घेऊन बसलेला असतो, हे त्या न्हाव्याला कळलं तर तो दुकानाला कुलूप लावून हिमालयात निघून जाईल.

केस आमच्या लेकीचे. आम्ही शिकागोत राहतो. बायको इथलीच, साउथ साइडला वाढलेली, कृष्णवर्णीय अमेरिकन. ती नर्स आहे आणि शनिवार-रविवार तिची बारा-बारा तासांची ड्यूटी असते. त्यामुळे लेकीचा न्हायचा दिवस माझ्या वाट्याला आला. लग्नाआधी दोन्हीकडच्या मंडळींनी मला पगार विचारला, व्हिसा विचारला, मांस खातोस का तेही विचारलं. गुंता सोडवता येतो का, हे एकानेही विचारलं नाही.

लेकीचा एक केस ओला करून ताणला तर खांद्याच्या खाली उतरतो. सोडला की टुणकन कानाच्या वर. बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षाही घट्ट वेटोळं, आणि असं वेटोळं डोकंभर. या प्रकाराला इथे 'फोर-सी' म्हणतात. ऑप्रा विन्फ्रीचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकरने केसांचे चार गट पाडले. १ म्हणजे सरळसोट, ४ म्हणजे घट्ट वेटोळ्यांचे. त्यातलं 'सी'चं शेपूट मागाहून लोकांनीच जोडलं. बायको पहिल्यांदा म्हणाली, "फोर-सी आहे बरं का," तेव्हा मला वाटलं कुठेतरी फ्लॅट बघून आली.

या केसांना सदा तहान. टाळूतून जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरगुंडी खेळत टोकाला पोचतं. लेकीच्या केसावर ते पसरणी घाटातल्या एसटीसारखं प्रत्येक वळणाला दमतं आणि पाचगणी काही गाठत नाही. त्यात दर वळणावर केसाचे खवले किंचित उघडे पडतात आणि तिथून आतला ओलावा पसार होतो. म्हणजे मुळाशी सुबत्ता आणि टोकाला दुष्काळ. सातारा जिल्ह्याचा पाऊसच म्हणा ना. टोकं कोरडी पडली की तुटतात. मग पाहुणे म्हणतात, "हिचे केस वाढत कसे नाहीत?" वाढतात हो, पण वाढतील तेवढेच तुटले तर दिसणार कसे?

तर गेल्या ऑगस्टात आई आली. सहा महिन्यांसाठी. बॅगेत मेतकूट, कुरडया आणि पॅराशूटच्या तीन निळ्या बाटल्या. नातीच्या केसांवरून हात फिरवून तिने निदान केलं, "अरे, पोरीच्या डोक्याला तेल नाही!" आईच्या वैद्यकशास्त्रात डोकेदुखीपासून गणितातल्या नापासापर्यंत सगळ्यावर हाच उतारा आहे. आठवडाभर ती रोज रात्री नातीला गुडघ्यात घेऊन कोरड्या केसांत तेल जिरवत होती. लेकही खूश, कारण आजीचा गुडघा आणि आजीची गोष्ट एकत्र मिळत होती. शुक्रवारी डोकं देवळातल्या समईसारखं चकाकत होतं. बोटांत धरलेली बट मात्र काथ्यासारखी वाजली, आणि टोकाचा तुकडा माझ्या हातात आला.

शनिवारी नाना आली.

इथे थांबून खुलासा करायला हवा. नाना म्हणजे माझ्या सासूबाई. इकडे पुष्कळ घरांत आजीला नाना म्हणतात. आईच्या माहेरी नाना म्हणजे तिचे चुलते, गलमिशा, धोतर, हातात काठी. त्यामुळे वाईला फोनवर "नाना लाल हॅट घालून चर्चमध्ये गायला गेली" असं मी सांगितलं की पलीकडे बराच वेळ शांतता पसरते.

नानाने नातीला जवळ घेतलं, मानेवरचे केस चिमटीत धरले आणि गंभीरपणे म्हणाली, "किचन कोरडं पडलंय." मी उठून नळ बघून आलो. नळ चालू होता. मानेवरच्या सगळ्यात घट्ट वळलेल्या केसांना यांच्याकडे 'किचन' म्हणतात, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मग नानाने आईकडे बघत, पण मला उद्देशून, मूळ सिद्धांत मांडला: तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल हे झाकण आहे. रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं म्हणून आत पाणी येतं का? केस आधी भिजवायचे, मग वरून तेलाचं झाकण.

मी भाषांतर केलं. आई थोडा वेळ गप्प बसली. "मग आपण तेलपाणी म्हणतो ते काय उगीच?"

"आई, शब्दातच क्रम उलटा पडलाय. पाणीतेल पाहिजे."

"एका डोक्यासाठी भाषा बदलायला निघालास?"

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला, नानाच्या अक्षरात: एल-ओ-सी. लिक्विड, ऑइल, क्रीम. आधी पाणी, त्यावर तेल, त्यावर शिया बटरचं क्रीम. आईने एलओसी वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आता कुणाशी बिनसलंय?" भारतीय माणसाला एलओसी म्हटलं की कारगिलच आठवतं. खरं सांगायचं तर ती फार चुकलेली नव्हती. तेल आधी की क्रीम आधी यावरून इथे सख्ख्या बहिणींत मतभेद आहेत. माझी मेहुणी एल-सी-ओ पंथाची आहे आणि नाना तिला हातातला झारा दाखवून बोलते.

पाणी मारण्यात तरी काय कठीण, असं मला वाटलं होतं. इस्त्रीवाल्याकडे असते तसली फवाऱ्याची बाटली घेतली आणि मारलं. थेंब केसांवर अळूच्या पानावर बसावेत तसे टेचात बसून राहिले. आत एकही जाईना. नानाने सांगितलं, हे लो पोरॉसिटी. वळणं सोडली तर बाकी खवले इतके घट्ट मिटलेत की पाणी आत शिरत नाही. कोमट पाणी घे, वरून प्लास्टिकची टोपी घाल, वाफ धरू दे. मी हे सगळं मराठीत सांगायला लागलो तर आईने मध्येच तोडलं, "एवढं कशाला? पालथ्या घड्यावर पाणी म्हण की."

नानाने याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून 'पालता गडा' हा तिच्या शब्दसंग्रहातला पहिला मराठी शब्द. केसांना, जावयाला आणि शहराच्या महापौरांना ती तो सारख्याच सहजतेने लावते.

पण पाण्याची भक्त झालेली ही बाई आयुष्यभर पाण्याला भीत होती, हे मला हळूहळू कळलं. तिच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी कंगवा तापायचा. तो केसांतून ओढला की केस सरळ. कान दुमडून हाताने धरायचा, हलली की चटका. एकदा सरळ केले की पाण्याचा थेंब म्हणजे शत्रू. पाऊस आला की पळायचं, पोहायचं नावही काढायचं नाही, घाम येईल म्हणून दोरीवरच्या उड्यासुद्धा बेताने. १९७० साली शिकागोच्या स्थानिक टीव्हीवर 'सोल ट्रेन' हा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. काही दिवस तिनेही मोठा गोल आफ्रो वाढवला आणि त्यावर आफ्रो शीनचा फवारा मारला. तो बनवणारी जॉन्सन प्रॉडक्ट्स शिकागोचीच, १९५४ सालची, हे ती अजून 'आमच्यातलेच' अशा सुरात सांगते. मग ती एका ऑफिसात लागली आणि पुन्हा केस सरळ. या खेपेला रसायनाने, तीस वर्षं. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी तिने शॉवर घेतला. टोपी न घालता.

केसाला धक्का लागू देणार नाही, असं आपण नुसतं बोलायला म्हणतो. इथे त्याचा कायदा करावा लागला. डोक्यावर जसे उगवतात तसेच केस ठेवले म्हणून कुणाला नोकरीवरून किंवा शाळेतून घालवता येणार नाही, असं कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिल्यांदा लिहून ठेवलं. कायद्याचं नाव क्राउन ॲक्ट. आमच्या इलिनॉयचा नंबर त्यानंतर लागला.

आता रविवार. बाथरूमच्या दारात स्टूल, स्टुलावर लेक, समोर कार्टून. डोक्याचे आठ भाग, आठ चिमटे. पहिल्या पायरीचं नाव मी बेसावधपणे आईसमोर उच्चारलं: "आधी प्री-पू करायचं."

"पू? कुणाला झालाय?" आई हळदीचा डबा घेऊनच आली.

शाम्पूच्या आधी केसांना तेल लावून ठेवायचं, त्याला हे लोक प्री-पू म्हणतात, एवढं ऐकल्यावर आईचा चेहरा जो उजळला! "म्हणजे अभ्यंग!" ती म्हणाली, आणि नानाकडे तिने असं बघितलं की भाषांतराची गरज पडली नाही. मीही जरा शोधाशोध केली. २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये मुंबईच्या रेळे आणि मोहिले यांचा अभ्यास आला होता. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. बाकी दोघांना ते जमलं नाही. मी हे वाचून दाखवलं. आईचा पहिला प्रश्न, "कुठले हे रेळे?" हा अभ्यास पॅराशूटवाल्या मॅरिकोच्याच प्रयोगशाळेतला आहे, ही तळटीप मी गाळली. घरात शांतता हवी असते.

तेव्हा तह असा झाला: धुण्याआधी आईचं राज्य, धुतल्यानंतर नानाचं. मधल्या काळात मी. शिकागोत खोबरेल ऑक्टोबर ते मे थिजलेलंच असतं, म्हणून बाटली रेडिएटरवर ठेवायची. त्याच रेडिएटरने घरातली हवा पापडासारखी कोरडी केलेली असते आणि लेकीचे केस पुन्हा तहानतात. एकाच यंत्राने तेल पातळ व्हावं आणि पाणीही पळावं, असा हा संसार आहे.

गुंता कंगव्याने नाही, बोटांनी काढायचा. केस ओले हवेत, कंडिशनर भरपूर हवा, सुरुवात टोकापासून. मुळापासून कंगवा ओढणाऱ्याला नाना माणसांत धरत नाही. कधीकधी एकच केस स्वतःभोवतीच गाठ मारून बसतो. त्या गाठीला इथे परीची गाठ म्हणतात. ती सोडवणारा परीकथेतला कुणी असेल तर असो. मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि शेवटी कात्री मागतो. आठव्या भागाला पोचेपर्यंत पहिला भाग वाळायला लागलेला असतो, की पुन्हा फवारा.

सामानाच्या खरेदीला आईला एकदा केसांच्या दुकानात नेलं. तिथे एका भिंतीवर केसच केस, लांब, काळेभोर, पाकिटांत, वर 'इंडियन हेअर'. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते जगभर जातात, हे क्रिस रॉकच्या 'गुड हेअर' या २००९ च्या माहितीपटात मी पाहिलं होतं. आई पाकिटांपुढे बराच वेळ उभी राहिली. किंमत डॉलरमध्ये वाचून तिने मनात रुपये केले. मग म्हणाली, "आपल्या सुमामावशीने गोविंदाला दिले होते की रे. फुकट."

कापसाचा अभ्रा रात्रभर केसांतलं पाणी पितो, म्हणून झोपताना सॅटिनची टोपी. आई तिला कानटोपीच म्हणते. लेक ती झोपेत भिरकावून देते. म्हणून जायच्या आधी आईने आपल्या जुन्या रेशमी साडीचा, काठ तसाच ठेवून, उशीला अभ्रा शिवला. नानाने तो उलटसुलट करून पाहिला, गालाला लावून पाहिला आणि विचारलं, "अजून एक होईल का?" आईने पदरही कापला.

त्याआधी, नरकचतुर्दशीला पहाटे पाचला नाना हजर. बाहेर बर्फाची भुरभुर, आत वाटीत कोमट तेल. लेकीला पाटावर बसवलं, आईने तेल जिरवलं, मी धुतलं, नानाने पाणी, तेल, क्रीम असं एकावर एक चढवलं आणि दोन गोल अंबाडे बांधून दिले. सगळ्यांचं समाधान झालं. लेकीच्या हातात मात्र फवाऱ्याची बाटली राहिली होती आणि तीत पाणीही राहिलं होतं. मी खाली वाकून पाट उचलत होतो. तिने माझ्या डोक्यावर नेम धरून मारलं. थेंब क्षणभर टाळूवर थांबले आणि कानामागून ओघळून गेले. तिने बोटाने चाचपून पाहिलं, पुन्हा एकदा मारलं, पुन्हा पाहिलं.

"पालता गडा," ती नानाच्या आवाजात म्हणाली.

आईने न बोलता तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.